गरुडपदाची वाट

बालवीर-चळवळीतील श्रेणी ही शाळेतील इयत्तेसारखी नसते. वर्ष सरले की विद्यार्थी बहुधा वरच्या वर्गात जातो. श्रेणी मात्र मुलाला स्वतः मागावी लागते, आणि ती न मागताही तो आपल्या पथकात वर्षानुवर्षे आनंदाने राहू शकतो. त्यामुळे सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या सर्वच देशांत थोडी असते. या श्रेणीने नेमके काय मोजावे, हा प्रश्न चळवळीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील 'ईगल स्काउट' म्हणजे गरुडपद या श्रेणीच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले आणि १९०८ साली 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. १९०९ साली ब्रिटनमध्ये राजाच्या संमतीने 'किंग्ज स्काउट' ही श्रेणी निघाली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन झाली. तेथील सर्वोच्च श्रेणीला आरंभी 'रुपेरी लांडगा' असे नाव देण्याचे घाटत होते. परंतु लांडग्याच्या जागी लवकरच अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी आला.

१९११ च्या नियमांप्रमाणे गरुडपदासाठी एकवीस प्रावीण्य-चिन्हे मिळविणे आवश्यक होते. प्रावीण्य-चिन्ह म्हणजे एखाद्या विद्येची वा व्यवसायाची ठरावीक कसोटी उतरल्यावर गणवेशावर लावावयाचा लहानसा कापडी बिल्ला. त्या वेळी अशी सत्तावन्न चिन्हे उपलब्ध होती आणि त्यांची यादी आजही मनोरंजक वाटते. लोहारकाम, गवंडीकाम, मधुमक्षिकापालन, मुद्रण, भूमापन, नळकाम, पक्षिनिरीक्षण, खगोलशास्त्र असे विषय तीत शेजारीशेजारी होते. 'शोध' या नावाचेही एक चिन्ह होते. ते हवे असलेल्या मुलाने एखादी उपयुक्त वस्तू शोधून तिचे पेटंट मिळवावे, अशी अट होती! हे चिन्ह मिळविणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले आणि काही वर्षांतच ते यादीतून गळाले, यात नवल नाही.

पहिले गरुडपद १९१२ साली न्यूयॉर्क राज्यातील आर्थर एल्ड्रेड या मुलाला मिळाले. एखादा मुलगा इतक्या लवकर एकवीस चिन्हे मिळवील अशी संघटनेची अपेक्षा नसावी, कारण त्याची मागणी आली तेव्हा पदकही तयार नव्हते. स्थानिक परीक्षकांवर न सोपविता राष्ट्रीय पातळीवरील मंडळाने त्याला समोर बोलावून प्रश्न विचारले. त्याच उन्हाळ्यात शिबिरात बुडणाऱ्या एका सोबत्याला वाचविल्याबद्दल त्याला शौर्याचे पदकही मिळाले. ही घटना गरुडपदाच्या अटींत कोठेही बसत नव्हती. मुलाने एकट्याने काय काय आत्मसात केले एवढेच त्या अटी पाहत असत. ते ज्ञान दुसऱ्याच्या कामी आले की नाही, हे विचारण्याची सोय त्यांत नव्हती.

ही सोय १९६५ साली झाली. त्या वर्षापासून समाजोपयोगी सेवाप्रकल्प ही गरुडपदाची अनिवार्य अट ठरली. तिचे शब्द काळजीपूर्वक निवडलेले आहेत. मुलाने प्रकल्पाची आखणी करावी, तो विकसित करावा आणि तो पार पाडताना इतरांचे नेतृत्व करावे, असे ती सांगते. प्रकल्प शाळा, धर्मस्थान वा गावातील समाज यांच्या उपयोगाचा हवा. स्वतःच्या संघटनेसाठी किंवा एखाद्या व्यापारी पेढीसाठी केलेले काम चालत नाही. काम सुरू होण्यापूर्वी ज्या संस्थेसाठी ते करावयाचे ती संस्था, पथकप्रमुख, पथकाची समिती आणि जिल्हा वा प्रादेशिक मंडळ या सर्वांची लेखी संमती लागते. किमान इतके तास काम झालेच पाहिजे, असा मात्र नियम नाही.

ग्रंथालयासाठी कपाटे करावयाची आहेत असे समजा. सुतारकामाचे चिन्ह मिळविलेला सतरा वर्षांचा मुलगा ती कदाचित एकटाच उत्तम करील. पण तसे केल्यास त्याचा प्रकल्प नापास होईल. त्याला ग्रंथपालांशी बोलून मापे घ्यावी लागतात, लाकडाच्या खर्चाचा अंदाज बांधावा लागतो, आपल्याहून लहान मुलांना करवत सुरक्षितपणे धरायला शिकवावे लागते आणि ठरलेल्या दिवशी निम्मेच मदतनीस आले तर काय, याचाही विचार आधी करावा लागतो. हाताने काम करणे आणि चार हातांकडून काम करवून घेणे, यांतील अंतर पुष्कळ मुलांना येथे प्रथमच कळते.

आजची वाट साधारण अशी आहे. आरंभीच्या श्रेणी ओलांडून मुलगा 'फर्स्ट क्लास' होतो. पुढे 'स्टार', मग 'लाइफ' आणि शेवटी 'ईगल'. 'लाइफ' श्रेणीत त्याने किमान सहा महिने पथकात क्रियाशील राहून जबाबदारीचे पद सांभाळले पाहिजे. एकवीस चिन्हांची संख्या कायम आहे. त्यांतील बरीच अनिवार्य, उरलेली ऐच्छिक. अनिवार्य चिन्हांत घाईला वाव नसतो. शिबिरवासाच्या चिन्हासाठी वीस रात्री उघड्यावर वा तंबूत काढाव्या लागतात. स्वतःच्या जमाखर्चाची नोंद तेरा आठवडे ठेवावी लागते. मार्गदर्शकांना एक गोष्ट नेहमी बजावलेली असते. नियमात 'करून दाखवा' असे असेल तेथे 'सांगितले' एवढ्यावर भागू नये. आणि 'सांगा' असे असेल तेथे त्याहून अधिक मागू नये. या सर्व अटी अठराव्या वाढदिवसापूर्वी पूर्ण व्हाव्या लागतात. प्रौढ कार्यकर्त्यांनाही गरुडपद मिळविता येत असे, ते १९५२ साली बंद झाले.

अखेरीस परीक्षण-मंडळ मुलाची भेट घेते. गाठ मारून दाखव, असे ते सांगत नाही, कारण ती फेरपरीक्षा नव्हे. प्रकल्पात काय बिघडले, मदतनीस कंटाळले तेव्हा त्याने काय केले, अशा गोष्टींवर बोलणे होते. मंडळाचा निर्णय एकमताने व्हावा लागतो.

ही घडण नेहमीच टिकून राहिली असे नाही. १९७२ साली शहरी मुलांना चळवळ जवळची वाटावी या हेतूने अमेरिकन संघटनेने आपला कार्यक्रम बदलला. गरुडपदासाठी चिन्हांची संख्या चोवीस झाली. पण शिबिरवासाचे चिन्ह अनिवार्य राहिले नाही. रानात एकही रात्र न काढता मुलगा सर्वोच्च श्रेणीला पोहोचू शकेल, अशी स्थिती आली. हेतू वाईट नव्हता. संख्या वाढवून सत्त्व कमी करण्याचा तो प्रकार मात्र होता. त्या दशकात सभासदही मोठ्या प्रमाणात गळाले, यामागे अर्थात अन्य कारणेही असतील. शेवटी डेन्मार्कमध्ये जन्मलेले ज्येष्ठ कार्यकर्ते विल्यम हिलकोर्ट निवृत्तीतून परत आले आणि त्यांनी लिहिलेली नवी मार्गदर्शिका १९७९ साली निघाली. रानातील जीवन पुन्हा केंद्रस्थानी आले आणि चिन्हांची संख्या एकवीसवर परतली.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. गरुडपदाला समाजात मोल आहे. जेराल्ड फोर्ड आणि चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हे दोघेही किशोरवयात या पदापर्यंत पोहोचले होते. अमेरिकन सैन्यात शिपाई म्हणून भरती होताना या पदधारकाला वरच्या वेतनश्रेणीत प्रवेश मिळू शकतो. असे लाभ जोडले गेले की पालकांची उत्सुकता वाढते, आणि प्रकल्पाच्या आराखड्यावर मुलापेक्षा वडिलांचा हात अधिक फिरतो. भारतातही रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून नोकरभरती होते. लाभ देऊ नयेत असे नाही; पण जेथे ते असतात तेथे परीक्षकाची नजर अधिक तीक्ष्ण हवी.

भारतातील वाट वेगळ्या इतिहासातून आली. येथील पहिले पथक १९०९ साली बंगलोरला निघाले, परंतु ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना दार बंद असल्यामुळे ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रास येथे स्वतंत्र संघटना काढली आणि १९१८ साली मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबादेत सेवा समितीची बालवीर संघटना उभी राहिली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळे प्रवाह 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' या संस्थेत एकत्र आले. राजाच्या नावाने मिळणाऱ्या श्रेणीच्या जागी राष्ट्रपतींच्या नावाची श्रेणी आली. तिच्या पायऱ्यांना 'सोपान' हा समर्पक शब्द योजला आहे: प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. अमेरिकेत कसोटीचा मुख्य भार मुलाच्या स्वतःच्या गावातील प्रकल्पावर पडतो. येथे वरच्या पायऱ्यांसाठी चाचणी-शिबिरे भरतात आणि आपल्याला न ओळखणाऱ्या परीक्षकांसमोर मुलाला उभे राहावे लागते. ओळखीचा दबाव त्यामुळे कमी होतो. पण त्याने आपल्या वस्तीसाठी महिनोन्‌महिने काय केले, हे शिबिरातील थोड्या दिवसांत कागदावरूनच पाहावे लागते.

एका बाबतीत भारत पुढे होता. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही याच संस्थेत सामील झाली, आणि मुलींसाठी राष्ट्रपती गाइड ही समकक्ष श्रेणी आहे. अमेरिकन बॉय स्काउट्सनी किशोरवयीन मुलींना आपल्या पथकांत घेतले ते २०१९ साली. २०२५ मध्ये संघटनेच्या नावातून 'बॉय' हा शब्दही गेला. गरुडपद मिळविणाऱ्या मुलींची पहिली तुकडी २०२१ च्या आरंभी जाहीर झाली. तीत जवळजवळ एक हजार मुली होत्या, आणि त्यांच्यासाठीही चिन्हे एकवीसच होती.