शोधसूत्र आणि नावापुढील तारका

शिष्यवृत्तीच्या व गुणांच्या याद्या आता बहुतेक शाळांतून एक्सेलच्या तक्त्यात ठेवल्या जातात. एका यादीतील नाव घेऊन दुसऱ्या यादीतून त्याचा बँक खाते क्रमांक आणण्याचे काम ‘व्हीलुकअप’ हे सूत्र करते, हे शिक्षकबंधुभगिनींस ठाऊक आहेच. या सूत्राची एक खोड मात्र ध्यानात ठेवली पाहिजे.

कागदपत्रे अपुरी असलेल्या मुलाच्या नावापुढे तारका काढावी, जन्मतारखेची शंका असल्यास प्रश्नचिन्ह घालावे, ही आपली वहीतील जुनी सवय. वहीत ती निरुपद्रवी असते. सूत्राच्या लेखी मात्र तारका म्हणजे ‘येथे कितीही चिन्हे असोत, वा एकही नसो’ आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ‘येथे कोणतेही एक चिन्ह’.

समजा, दोन्ही याद्यांत ‘जाधव राम*’ असे लिहिले आहे आणि खात्यांच्या यादीत त्याच्या वर ‘जाधव रामचंद्र’ हे नाव आहे. तंतोतंत जुळणी मागितली असली, तरी सूत्र वरून खाली पाहत जाते, रामचंद्रापाशीच थांबते व त्याचा खाते क्रमांक रामच्या नावापुढे आणून ठेवते. चुकीचा कोणताही इशारा उमटत नाही. रामची शिष्यवृत्ती परक्या घरी जाते आणि त्याचे वडील चौकशीस येईपर्यंत कोणास पत्ता नसतो.

चिन्हाचा अर्थ निव्वळ चिन्ह एवढाच घ्यावा, यासाठी शोधावयाच्या नावात त्याच्या आधी नागमोडी रेघ द्यावी: ‘जाधव राम~*’. यादीतील नावास हात लावू नये. नावे पुष्कळ असल्यास हे काम ‘सब्स्टिट्यूट’ सूत्राकडून करवावे; परंतु नावात मुळातच नागमोडी रेघ असेल, तर ती आधी दुप्पट करावी व मग तारका आणि प्रश्नचिन्ह यांकडे वळावे. क्रम उलटल्यास नव्याने घातलेल्या रेघाही दुप्पट होतात. एक्सेल २०२१ मधील ‘एक्सलुकअप’ हे सूत्र आपण मुद्दाम मागितल्याखेरीज या चिन्हांस विशेष अर्थ देत नाही.

मुद्दाम वापरताना देवनागरीची एक अडचण आहे. मात्रा व अनुस्वार संगणक वेगळे मोजतो. ‘शिंदे’ आपल्या दृष्टीने दोन अक्षरे, त्याच्या हिशेबी पाच चिन्हे. म्हणून प्रश्नचिन्हे मोजीत बसण्यापेक्षा तारका बरी.

माझ्या मते शेऱ्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि शोध नावावरून न घेता जनरल रजिस्टरच्या क्रमांकावरून घ्यावा. एकाच नावाची दोन मुले एका वर्गात असतात; क्रमांक एकाचाच असतो. शिवाय संख्या म्हणून नोंदलेल्या क्रमांकास तारका लागूच पडत नाही: ‘१२*’ लिहून १२४५ सापडत नाही.