वजन उतरल्यावर त्वचा सैल का राहते?

माणसाचे वजन उतरते तेव्हा मेदपेशी बहुतांशी नष्ट होत नाहीत. त्यांच्यातील मेद खर्च होतो आणि त्या आकाराने लहान होतात. परंतु मेद ज्या आवरणाखाली साठलेला असतो, ते आवरण त्याच प्रमाणात आटतेच असे नाही. पाचदहा किलो वजन कमी झालेल्या तरुणास याची जाणीवही होत नाही. ज्याचे वजन चाळीस, पन्नास किंवा त्याहून अधिक किलोंनी उतरले, त्याच्या पोटावर, दंडांवर, मांड्यांवर आणि छातीवर मात्र त्वचेच्या घड्या लोंबू लागतात. मोठ्या निग्रहाने वजन उतरविलेल्या मनुष्यास आरशात हे दिसले की आपले कष्ट वाया गेले असे त्यास वाटते. ती समजूत चुकीची आहे. हृदय, सांधे आणि रक्तातील साखर यांचा लाभ त्यास झालेलाच असतो. तथापि त्याची अडचण खरी आहे आणि केवळ दिसण्यापुरतीही नाही.

राजधानी दिल्लीत वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा एकेकाळी पुष्कळ झाली. त्या वेळी एका राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष असलेले नागपूरचे नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत, आणि तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीतील साकेत भागातल्या रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया करून घेतली. वर्तमानपत्रांतून जठर आणि आतडे यांच्या आकृत्या छापून आल्या. अशा उपचारानंतर अनेक रुग्णांच्या अंगावर जी त्वचा उरते, तिच्याविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही.

प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर तिचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि खालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. त्वचेचे बळ या खालच्या थरात असते. तेथे दोन प्रकारचे तंतू आहेत. कोलॅजेनचे तंतू सुतळीसारखे चिवट असून ते त्वचेस फाटू देत नाहीत. इलॅस्टिनचे तंतू पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे असून ताणलेली त्वचा ते पूर्ववत आखडून घेतात. कोलॅजेन आयुष्यभर नवे बनत राहते. इलॅस्टिन मात्र मुख्यतः जन्मापूर्वी आणि बालपणी तयार होते आणि पुढे कित्येक दशके तेच टिकते. ते एकदा तुटले की प्रौढपणी त्याची भरपाई जवळजवळ होतच नाही. वर्षानुवर्षे ताणून धरलेले इलॅस्टिक जसे मरते, तसेच येथे घडते. त्वचा किती काळ ताणलेली होती, वय काय, वजन किती उतरले, ऊन किती लागले आणि धूम्रपान होते काय, यांवर तिचे आखडणे अवलंबून असते. आनुवंशिकतेचाही त्यात भाग आहे. म्हणूनच सारखेच वजन उतरविलेल्या दोघांच्या शरीरांत फरक दिसतो.

त्वचा घट्ट करणारी म्हणून जी मलमे आणि तेले विकली जातात, त्यांच्याविषयी येथेच सांगणे बरे. बाह्यत्वचा मऊ ठेवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. तुटलेले इलॅस्टिन वरून चोळलेल्या पदार्थाने सांधले जात नाही.

दिल्लीच्या हवेत या घड्यांचा त्रास विशेष होतो. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते. घडीच्या आत त्वचा त्वचेवर घासते, घाम वाळत नाही, त्वचा लाल होऊन सोलवटते आणि तेथे बुरशी वाढते. यावर पहिला उपाय साधा आहे. रोज घड्या उलगडून धुवाव्यात, न घासता टिपून कोरड्या कराव्यात आणि घडीत स्वच्छ सुती कापडाची पट्टी ठेवावी. सैल त्वचा हलू न देणारा घट्ट अंतर्वस्त्राचा पट्टा चालताना उपयोगी पडतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमे मात्र लावू नयेत. त्यांनी खाज दोन दिवस थांबते, पण नायटा पसरतो आणि आधीच क्षीण झालेली त्वचा आणखी पातळ होते. आपल्या देशात या मलमांचा दुरुपयोग ही त्वचारोगतज्ज्ञांची मोठी डोकेदुखी होऊन बसली आहे.

वजने उचलण्याच्या व्यायामाने दंड आणि मांड्या यांचे स्नायू भरतात आणि वरची त्वचा काहीशी भरलेली दिसते. पोटाच्या लोंबत्या घडीवर त्याचा परिणाम थोडा. ती नाहीशी करावयाची तर शस्त्रक्रियेवाचून दुसरा मार्ग नाही.

अशी शस्त्रक्रिया नवी नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉवर्ड केली या शल्यचिकित्सकाने १८९९ मध्ये एका स्त्रीच्या पोटावरील सुमारे साडेसात किलो वजनाची घडी काढली होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी पुण्याजवळ त्वचेच्या शल्यकर्माचा एक प्रसिद्ध प्रयोग घडला. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक एका देशी कारागिराने कपाळावरील त्वचा खाली वळवून पुन्हा घडविले आणि लंडनच्या एका मासिकात १७९४ साली त्याचे वर्णन छापले गेले. तेथे त्वचेची उणीव होती, येथे ती अधिक आहे. पण नियम एकच. सरकवलेल्या त्वचेस रक्ताचा पुरवठा राहिला तरच ती जगते. पोटावरील शस्त्रक्रियेत एका नितंबास्थीपासून दुसऱ्यापर्यंत छेद घेऊन जादा त्वचा काढतात आणि वरची त्वचा खाली ओढून शिवतात. ती किती ओढावी याचा अंदाज हेच शल्यचिकित्सकाचे खरे कौशल्य. अति ओढल्यास कडेचा भाग काळा पडून मरतो. धूम्रपानाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून ते निदान चार आठवडे आधी सोडावे लागते.

घाई करणे हेही धोक्याचे आहे. वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः बारा ते अठरा महिने थांबावे आणि वजन काही महिने स्थिर राहिलेले असावे. अशा रुग्णांत प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव वारंवार आढळते. ती आधी भरून काढली नाही तर जखम भरत नाही. त्वचेखाली द्रव साठणे, टाके उसवणे आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोके उरतातच. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. यासाठी रुग्णास शक्य तितक्या लवकर उठवून चालवितात.

खर्चाचा प्रश्न बिकट आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आखलेल्या नियमांत सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्याबाहेर ठेवता येते. मात्र आरोग्यास प्रत्यक्ष आणि तात्काळ धोका असून तो दूर करण्यासाठी ती आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केले, तर अपवाद होतो. म्हणून वारंवार होणारा दाह, जखमा आणि घेतलेली औषधे यांची नोंद रुग्णाने प्रथमपासून तारखेनिशी ठेवावी. दिल्लीत सफदरजंग रुग्णालय आणि १९५६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. भाजलेल्या रुग्णांस थांबविता येत नाही, तेव्हा अशा विभागांत घडीच्या रुग्णास थांबावे लागणे ओघानेच आले.

छेदाचा व्रण कायमचा राहतो आणि हे रुग्णास आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रारंभी तो लाल व कठीण असतो. फिकट आणि सपाट होण्यास एक ते दीड वर्ष लागते आणि त्या काळात त्यास ऊन लागू देऊ नये.