थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल, मग अंग का गळते?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग माझ्या दवाखान्यात घडतो. एखादी ताई समोरच्या स्टुलावर बसतात, पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, थायरॉइड नॉर्मल म्हणूलालेत. मग अंग का गळूलालंय?" केस गळतात, वजन वाढते, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, कशात मन लागत नाही. शेजारणीला हेच होत होते, तिला थायरॉइड निघाला, गोळी घेऊन ती बरी झाली. आपला रिपोर्ट मात्र चांगला. घरचे म्हणतात, ही सोंगे आहेत. रिपोर्ट चांगला आला म्हणून डोळ्यांत पाणी आणणारे रोगी मी पाहिले आहेत, आणि ते पाणी खोटे नसते.

आज या रिपोर्टविषयी लिहितो. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे.

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी. ती गळ्याच्या पुढच्या बाजूस असते आणि टी-३ व टी-४ ही संप्रेरके रक्तात सोडते. शरीराची चूल किती पेटती ठेवायची हे त्यांवर ठरते. पण या ग्रंथीवरही एक वरिष्ठ आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी असते, ती टी.एस.एच. नावाचा हुकूम पाठवते. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम असतो, तसेच हे. मजूर ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो, काम नीट चालले की तो शांत असतो. अवटू ग्रंथी मंदावली की टी.एस.एच. वाढतो तो यामुळे. म्हणजे टी.एस.एच.च्या तपासणीत आपण मजुरांचे काम मोजत नाही, मुकादमाचा आवाज मोजतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मोठ्या माणसांत टी.एस.एच. साधारण ०.४ ते ४ असावा असे धरतात. प्रत्येक लॅबचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून आपला आकडा शेजारणीच्या कागदाशी न ताडता आपल्याच कागदावरच्या मर्यादेशी ताडावा. गरोदरपणाचा हिशेब वेगळा असतो आणि उतारवयात हा आकडा थोडा वर सरकणे स्वाभाविक आहे.

आता मुख्य प्रश्न. टी.एस.एच. नॉर्मल आहे, तरी त्रास आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ सरळ असतो. त्रास खरा आहे, पण चोर दुसऱ्या घरात आहे. आपल्याकडे पहिला संशयित रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींत रक्त कमी आढळले. निम्म्याहून अधिक! थकवा, केस गळणे, धाप लागणे ही सारी लक्षणे त्यातही असतात. तरी आमच्याकडे आठशे रुपयांचे थायरॉइड पॅकेज आधी होते आणि साधे हिमोग्लोबिन राहून जाते. दुसरा संशयित बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. माळकरी घरांत, जेथे दूधही बेताचेच घेतले जाते, तेथे ती हमखास सापडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ती होते. हातापायांना मुंग्या येत असतील तर विचारावे. नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार बायका करतात, पण स्वतः घोरणाऱ्या आणि सकाळी उठल्यावरही न ताजेतवाने होणाऱ्या बायका कमी नाहीत. झोपेत श्वास अडकण्याचा तो आजार असू शकतो. साखर तपासावी. चाळिशीपुढे पाळी जाण्याच्या काळाचाही विचार व्हावा. आणि मनाची उदासी. तिचे नाव काढले की लोकांना राग येतो, "मला काय वेड लागलंय का?" असे विचारतात. उदासी हा आजार आहे, तिला औषध आहे, एवढेच सांगतो.

"मग थोडी थायरॉइडची गोळी घेऊन तर बघू," असे म्हणणारेही भेटतात. हे करून पाहिले गेले आहे. लक्षणे थायरॉइडची, पण तपासण्या नॉर्मल, अशा रोग्यांना स्कॉटलंडमध्ये काही आठवडे थायरॉक्सिन आणि काही आठवडे हुबेहूब दिसणारी खोटी गोळी देण्यात आली. कोणती कधी चालू आहे हे ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आला, की खऱ्या गोळीने खोटीपेक्षा अधिक बरे वाटले नाही. उलट गरज नसताना घेतलेल्या गोळीने छातीत धडधड होते, आणि ती पुढे बरीच वर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात.

ज्यांची गोळी आधीच चालू आहे, टी.एस.एच.ही ताळ्यावर आला आहे, तरी बरे वाटत नाही, असे रोगी शंभरात पाच ते दहा असतात. त्यांनीही वरचेच संशयित आधी तपासावेत. गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा त्यानंतर अर्धा ते एक तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. शंभर गोळ्यांची बाटली पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवू नये, आपल्या मे महिन्याच्या उन्हात गोळीचा जोर कमी होतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मगच रक्त द्यावे. आठ दिवसांत पुन्हा तपासणे म्हणजे पैसे गोदावरीत टाकणे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लॅबमध्ये तसे सांगावे व रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. काही यंत्रांना त्या फसवतात आणि वाढलेला टी.एस.एच. कमी दाखवतात.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी लोह्याकडची एक बाई आली. वय चौतीस, चेहरा फिकट, सुजरा, बोलणे संथ. मी थायरॉइड म्हटले आणि टी.एस.एच. तपासला. २.८ आला. अगदी नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.६ निघाले, मला वाटले सापडले. लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन जागचे हलले नाही. तेव्हाच मी थबकायला हवे होते. मी टॉनिक बदलले आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणालो. असे दीड वर्ष चालले. एकदा उलट्या आणि चक्कर घेऊन सासूबाई तिला रिक्षातून घेऊन आल्या. सलाईन लावताना सासूबाई सहज म्हणाल्या, "लेकराच्या बाळंतपणापासून हिचं असंच हाय बघा. लई रगत गेलं होतं. पान्हाच फुटला नाही, लेकरू गाईच्या दुधावर वाढलं."

मी विचारले, पाळी? त्यानंतर आलीच नव्हती. सात वर्षे! तिला वाटले लवकर गेली, बरे झाले. आणि मी दीड वर्षात एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फ्री टी-४ करवला. तो ०.८ च्या वर असावा लागतो, तिचा ०.४ होता. म्हणजे मजूर बसून होते आणि मुकादम गप्प होता, कारण मुकादमच आजारी होता. गरोदरपणात पीयूषिका ग्रंथी फुगते. बाळंतपणात फार रक्त गेले, रक्तदाब पडला, की तिला रक्त मिळत नाही व ती बरीचशी मरते. हॅरोल्ड शीहान या इंग्रज डॉक्टरांनी १९३७ साली हा आजार नीट वर्णन केला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. पुढारलेल्या देशांत आता तो दुर्मिळ आहे, आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यातील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वीस वर्षांवरील लेकुरवाळ्या स्त्रियांत शंभरात सुमारे तिघींना तो असावा असा अंदाज निघाला, आणि त्यांतील बऱ्याच जणींची बाळंतपणे घरीच झालेली होती.

यात एक धोका आहे, तो डॉक्टर बंधूंनीही लक्षात घ्यावा. पीयूषिका बंद पडली की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीलाही हुकूम मिळत नाही व शरीरातील स्टेरॉइड आटते. अशा बाईला नुसते थायरॉक्सिन दिले तर उरलेसुरले स्टेरॉइडही झपाट्याने संपते आणि तिचा जीव धोक्यात येतो. आधी स्टेरॉइड, नंतर थायरॉक्सिन, असाच क्रम हवा. घाईघाईने कुणी "थोडी गोळी देऊन बघू" केले असते तर काय झाले असते, हा विचार मला अजूनही सुचतो.

म्हणून टी.एस.एच. नॉर्मल असला तरी ज्यांना बाळंतपणात रक्त चढवावे लागले किंवा चढवायला हवे होते, ज्यांना पान्हा फुटला नाही, ज्यांची पाळी परत आली नाही, काखेतील केस विरळ झाले, वरचेवर चक्कर येते, त्यांनी हे सारे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे आणि फ्री टी-४ व सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासून घ्यावे. डोक्याला मोठा मार लागलेल्या किंवा पीयूषिकेचे ऑपरेशन झालेल्या पुरुषांनाही हेच लागू आहे.

त्या बाईला मी हार्मोनच्या तज्ज्ञांकडे पाठवले. आधी स्टेरॉइड, काही दिवसांनी थायरॉक्सिन सुरू झाले. तीन महिन्यांनी ती स्वतः चालत, हातात हुरड्याची पिशवी घेऊन दवाखान्यात आली. तिचा डोस आजही टी-४ पाहून ठरतो, टी.एस.एच. पाहून नव्हे, आणि हे तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे. ताप आला तर स्टेरॉइडची गोळी दुप्पट, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना, हे सासूबाईंनाही पाठ आहे.

(या सदरातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. चालू औषधे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू अथवा बंद करू नयेत.)