हाड मोडलं, तर ताटात काय वाढायचं?

मैत्रिणींनो, घरधन्याचा पाय मोडला की मजुरी बंद आणि दवाखान्याचा खर्च सुरू. मग गटातून कर्ज काढावं लागतं. प्लास्टर डॉक्टर घालतात, पण हाड जुळायला लागणारं बळ आपल्या चुलीवरूनच जातं.

१) दोन्ही वेळेला घट्ट वरण किंवा मोडाची उसळ द्या. जमेल तेव्हा अंडं द्या. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात.

२) नाचणीची भाकरी, दूध किंवा ताक आणि तिळाची चटणी यांतून कॅल्शियम मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. रोज थोडा वेळ उन्हातही बसवा.

३) "आंबट खाल्लं की जखम चिघळते," असं घरोघरी सांगतात. ते खरं नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व जखम भरायला मदत करतं.

४) पडून राहिल्यानं पोट साफ होत नाही. पालेभाजी आणि भरपूर पाणी द्या.

तंबाखू बंदच करायला लावा. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो. साखरेचा किंवा किडनीचा आजार असेल, तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि ताई, घर आता तुमच्या एकटीच्या कष्टावर चाललंय. त्यांना वाढलेलं वरण तुमच्याही ताटात हवं. उरलंसुरलं खाऊन भागवू नका.

बैठकीत बोला : दुखण्यात आपल्याकडे कोणते पदार्थ वर्ज्य करतात? का?