धावफलक वाचूया! (क्रिकेटमधून गणित, आणि माझी एक चूक)



शनिवारी दप्तर नसलं की आमच्या शाळेत एकच मागणी असते, "मॅडम, मॅच!" शिरूरकडून दौंडकडे येताना उसाच्या पट्ट्यातली आमची वस्तीशाळा. एक टेनिस बॉल, दोन बॅटी, स्टंपच्या जागी बाभळीच्या काठ्या. मैदान म्हणजे शाळेसमोरची मोकळी जागा. बॉल उसात गेला की दोन धावा, आणि ज्याने मारला त्यानेच शोधून आणायचा.

मला क्रिकेटचं वेड वडिलांमुळे लागलं. ते दौंडला रेल्वेत होते. रेडिओवर कॉमेंट्री लागली की वही घेऊन स्वतः स्कोअर लिहायचे आणि मधेच मला विचारायचे, "आता तू कॅप्टन असतीस तर बॉल कुणाला दिला असतास?" मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का?" हा "का" मला डीएडच्या दोन वर्षांपेक्षा जास्त उपयोगी पडला. तोच धरून पाचवीच्या वर्गात चार तासिका घेतल्या. त्या इथे देते आहे.

तासिका १ : २१.५ म्हणजे किती?

बापू नाडकर्णी हे नाशिकचे डावखुरे फिरकी गोलंदाज. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं आणि वर ५ चेंडू एकही धाव दिली नाही. हे मी फळ्यावर २१.५ असं लिहिलं आणि विचारलं, "एकूण चेंडू किती?"

निम्म्या वर्गाने २१.५ × ६ केलं, उत्तर आलं १२९. बरोबर उत्तर आहे १३१, कारण २१ × ६ = १२६ आणि वर ५. इथला टिंब दशांशाचा नाही. षटकात चेंडू सहा, म्हणून .५ नंतर .६ येत नाही, पुढचं षटकच सुरू होतं. दशांश चिन्हाबद्दल मुलांचा गोंधळ किती आहे हे या एका उदाहरणात कळतं. मग मुलांना घड्याळ आठवलं. साडेतीन तास म्हणजे ३ तास ५० मिनिटं नव्हे, ३ तास ३० मिनिटं. हे त्यांनीच सांगितलं.

पुढचा प्रश्न. त्या डावात नाडकर्णींचं पृथक्करण होतं ३२-२७-५-०. म्हणजे ३२ षटकं, त्यातली २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. "ज्या षटकांत धावा निघाल्या, त्यातल्या प्रत्येक षटकात किती निघाल्या?"

वर्ग गप्प. मग मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एक-एक." कसं? "३२ वजा २७, पाच षटकं राहिली. ती निर्धाव नाहीत म्हणजे प्रत्येकात कमीत कमी एक धाव. आणि धावा पाचच." उदाहरण सोपं दिसतं, पण पाठ केलेल्या कुठल्याच रीतीने ते सुटत नाही. विचारच करावा लागतो.

तासिका २ : भागायचं कितीने?

१९७१ साली वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात सुनील गावसकर पहिल्यांदा कसोटी खेळले. बोटाच्या दुखापतीमुळे पहिली कसोटी हुकली, राहिल्या चार. त्यांतल्या आठ डावांतल्या धावा अशा :

६५, ६७ नाबाद, ११६, ६४ नाबाद, १, ११७ नाबाद, १२४, २२०

मुलांनी बेरीज केली, ७७४. सरासरी काढताना सगळ्यांनी आठने भागलं, आलं ९६.७५. पण पुस्तकात सरासरी छापलेली असते १५४.८०. पुस्तक चुकलं का? नाही. क्रिकेटमध्ये डावांच्या संख्येने भागत नाहीत, बाद झाल्याच्या संख्येने भागतात. तीन डावांत ते नाबाद होते, म्हणून ७७४ ÷ ५ = १५४.८.

दोन्ही भागाकार बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. "एका डावात साधारण किती धावा केल्या?" हा एक प्रश्न. "एकदा बाद होईपर्यंत साधारण किती धावा केल्या?" हा दुसरा. सरासरी दिसली की आधी विचारायचं, भागलंय कितीने? हे वाक्य आम्ही भिंतीवरच लावलं.

तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, एखादा बॅटिंगला आलाच नाही तर त्याचं शून्य धरायचं का?" मी म्हटलं, "नाही रे, जो आलाच नाही त्याचं शून्य कसं? शून्यावर आऊट होणं वेगळं, नाबाद राहणं वेगळं आणि खेळायलाच न मिळणं वेगळं."

बोलून गेले आणि मलाच चटका बसला. का, ते पुढे सांगते.

तासिका ३ : कॅप्टनचा निर्णय

त्याच दौऱ्यात अजित वाडेकर कर्णधार म्हणून पहिल्यांदाच गेले होते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. मग भारताने ३८७ केल्या, त्यात दिलीप सरदेसाईंच्या (हे आपल्या गोव्याच्या मडगावचे) २१२. वेस्ट इंडिज २१७ वर बाद. आघाडी १७०.

पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला, आणि तिथे १५० पुरते. वाडेकरांना नियम पक्का माहीत होता. त्यांनी फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, पण एवढ्या बलाढ्य संघाला परत फलंदाजीला बसवलं, ही गोष्ट छोटी नव्हती. मुलांना मी एवढंच म्हटलं, "नियम नीट वाचलेला असला की धाडस करता येतं."

पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. दुसऱ्या डावात वाडेकरांनी चेंडू सलीम दुराणींच्या हातात दिला. दुराणींनी क्लाइव्ह लॉईडला बाद केलं आणि गॅरी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला. भारत सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडिजविरुद्धचा हा आपला पहिला कसोटी विजय, आणि पुढे मालिकाही आपणच जिंकली.

आता त्या डावाचे आकडे बघा. वेंकटराघवन पाच बळी, दुराणी दोन. "महत्त्वाची गोलंदाजी कुणाची?" यावर वर्गात दोन तट पडले. पडू द्यावेत. नुसती संख्या मोजणारा म्हणेल वेंकटराघवन. दुसरा विचारेल, ते दोन कोण होते? दोघांनाही "का" सांगता आलं पाहिजे, तेवढंच आपलं काम.

आता माझी चूक

जानेवारीत शेजारच्या वस्तीवरच्या शाळेबरोबर मॅच ठरली. चार शनिवारांचे आकडे मी फळ्यावर मांडले होते. धावा आणि विकेट, दोनच रकाने. त्यावरून संघ निवडला. आमची कॅप्टन पाचवीतली मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, त्या डावखुऱ्याला घेऊ ना. त्याला कुणाला मारताच येत नाही." मी फळ्याकडे बोट केलं, "चार मॅचमध्ये एकही विकेट नाही त्याची." ती गप्प बसली. तो मुलगा राखीव राहिला, दिवसभर पाण्याची कळशी सांभाळत. शेवटच्या षटकात समोरच्यांना नऊ हव्या होत्या. आमच्या सहा विकेटवाल्याने दहा दिल्या. हरलो.

सोमवारी नाडकर्णींचं उदाहरण शिकवताना मी वहीतून तिसरा रकाना काढला, दिलेल्या धावा. सहा विकेटवाला : ८ षटकं, ६४ धावा. डावखुरा : ८ षटकं, २४ धावा. एकाच्या षटकाला आठ, दुसऱ्याच्या षटकाला तीन. तो खेळला असता तर आपण जिंकलोच असतो असं मी म्हणणार नाही, एका षटकात काहीही होतं. पण कॅप्टन उभ्या मैदानात जे बघत होती ते माझ्या फळ्यावर नव्हतं. आकडे खोटे नव्हते. रकाना मी सोडला होता.

हा मुलगा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीनंतर टोळीबरोबर आला. त्याआधी वर्गाच्या दोन चाचण्या झाल्या होत्या. माझ्या वहीत पाच चाचण्यांचे त्याचे गुण होते : ०, ०, ७, ६, ८. बेरीज २१, भागिले ५, सरासरी ४.२. पालकभेटीत मी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं, "दहापैकी चार पडतात, जरा लक्ष द्या." ते मान खाली घालून "होय मॅडम" म्हणाले होते.

पहिल्या दोन चाचण्यांना तो शाळेत नव्हताच. बॅटिंगलाच आलेला नव्हता. २१ भागिले ३ म्हणजे ७. सात मिळवणाऱ्या मुलाला मी चारचा ठरवला, आणि हे मला माझ्याच वर्गातल्या एका प्रश्नाने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कोप्यांवर गेले. वडील फडावर होते, आई भाकरी करत होती. तिला सांगितलं, "ताई, माझं चुकलं. पोरगा हुशार आहे. हिशोब मी चुकवला." ती म्हणाली, "त्यालाच सांगा की मॅडम, तो त्या दिवसापास्नं मॅचला जात न्हाई." मग त्यालाच सांगितलं. पुढच्या शनिवारी कॅप्टनने पहिलं षटक त्याला दिलं. मी काही बोलले नाही.

तासिका ४ : तुम्ही असता तर? (मराठीचा तास)

डिसेंबर १९४८. आपल्या पुण्यातलं पूना क्लबचं मैदान. रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६! भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. बरोबरीला हव्या होत्या नऊ धावा. आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. संघ परत मैदानात आलाच नाही.

त्या नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. निंबाळकरांना अधिकृत कसोटीही कधी खेळायला मिळाली नाही. तरी रणजी करंडकातली सर्वोच्च खेळी आजही तीच आहे.

विषय दिला, "ठाकोरसाहेबांचं बरोबर की चूक?" मुलांनी आठ-दहा ओळी लिहायच्या. बहुतेकांनी चूक म्हटलं. एकाने लिहिलं, "आपला संघ इतका दमला असेल तर कॅप्टनने खेळाडूंचं बघावं." डावखुऱ्याने तीनच ओळी लिहिल्या : दोन षटकं थांबायला पाहिजे होतं. दुसऱ्याचं होत आलेलं मोडू नये. आपण हरलेलोच होतो.

पालकांसाठी

मुलाचा टक्का किंवा सरासरी कळली की रागावण्याआधी तीन गोष्टी विचारा. भागलं कितीने? कुठला रकाना सुटला? आणि रोज जवळून बघणाऱ्याचं म्हणणं काय? बाईंनाही विचारा, आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.

शिक्षक मित्रांसाठी

आपली गुणांची वही आज एकदा उघडा. जिथे शून्य लिहिलंय तिथे मूल खरंच शून्यावर बाद झालं होतं की त्या दिवशी आलंच नव्हतं, एवढं तपासा. गैरहजर मुलासाठी "गै" लिहा, शून्य नको. आमच्या शिरूर-दौंड भागात हंगामात येणारी-जाणारी मुलं बरीच असतात. त्यांचं पुष्कळसं नुकसान अशा एका गोल खुणेत होतं.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी गावाकडे निघाली. डावखुऱ्याच्या हातात मी त्याचे दुरुस्त केलेले गुण एका कागदावर लिहून दिले, पुढच्या शाळेत दाखवायला. त्याने कागद वाचला, मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "मॅडम, षटकाला तीन पण लिहा की." लिहून दिलं.

तासिका घेऊन बघा, तुमच्या मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.