अभ्यास-पाठ : बोटांतून येणारा उजेड



या वेळचा पाठ पोथीतला नाही, तो आपल्या केंद्रातल्या एका ताईंच्या घरातला आहे. त्यांची परवानगी घेऊनच लिहितोय, नाव मात्र देत नाही.

ताई दिवसा साडीला स्टोन लावायचं काम घरी करतात आणि रात्री चित्रं काढतात. दिवाळीला केंद्राच्या हॉलसाठी 'दिवा घेतलेली बाई' काढून देईन, असं त्या बोलून बसल्या. चित्र तुम्ही सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेलं आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, 'ग्लो ऑफ होप'. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. आणि गंमत म्हणजे ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे.

इथेच सगळी अडचण. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा रंग देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. जिथे उजेड हवा ती जागा आधीच सोडून ठेवायची, नंतर तिथे उजेड आणून बसवता येत नाही. फिक्याकडून गडदाकडे जायचं, खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा. अर्धवट ओलावर ब्रश फिरवला की डाग फुटतात, चार रंग घोळले की चिखल होतो.

ताईंचा पहिला कागद पंख्याखाली भराभर वाळला आणि रंगाच्या कडा उमटल्या. दुसऱ्यावर चेहरा छान आला, पण बोटं मातीची झाली. तिसऱ्यावरही तेच. रात्री साडेअकराला त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हाई माले नही जमत. मी चित्रकार नाहीच, उगाच हो म्हटलं."

आता आमची चूक सांगतो. आमच्यापैकी निम्म्यांनी लिहिलं, "छानच आहे की गं!" आणि निम्म्यांनी लिहिलं, "एवढा त्रास कशाला, छापील फोटो आणून लावू." दोन्ही प्रेमानेच. पण खोटी स्तुती तिला कळली, कारण बोटं मातीची झालेली तिला दिसतच होती. आणि छापील फोटोचा अर्थ तिने बरोबर तोच घेतला : यांनाही वाटतं की मला जमणार नाही. आठ दिवस ताई सत्संगाला आल्या नाहीत. आम्हाला वाटलं कामाची गर्दी असेल.

मग केंद्रातल्या एक मावशी त्यांच्याकडे गेल्या. मावशींना चित्रातलं काही कळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे बिघडलंय ते बोट ठेवून दाखव बरं." ताईंनी मधल्या दोन बोटांवर बोट ठेवलं. "बाकीचं?" बाकीचं ठीक होतं. म्हणजे कागदाच्या कोपऱ्यातली दोन बोटं बिघडली होती, आणि ताईंनी मात्र सगळी ताईच रद्द करून टाकली होती.

आपण हेच करतो ना? पोळी करपली की "मला स्वयंपाकच येत नाही", पोराला गणितात कमी पडले की "माझं डोकंच नाही". शंका खोटी नसते. ती नेमकी एका जागेबद्दल असते, आपण तिला सगळ्या घरभर फिरवतो.

त्या रात्री ताईंनी लाइट बंद केली. यजमानांना मोबाइलची टॉर्च धरायला लावली आणि मुलीची बोटं तिच्यासमोर ठेवून पाहिलं. बोटांच्या कडा केशरी-लाल दिसल्या आणि मधला भाग गडद. त्या इतके दिवस बोटांना नेहमीचा कातडीचा रंग देत होत्या! आणखी एक कळलं, उजेड बोटांत जितका होता तितकाच भोवतीच्या अंधारात होता. त्या भीतीने मागची भिंत फिकी ठेवत होत्या, म्हणून दिवा पेटतच नव्हता.

नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं पुरी करत. वाट पाहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. आपल्या ताईंकडे मात्र दिवाळीची तारीख आहे आणि साड्यांचे गठ्ठेही आहेत, तेव्हा तुलना एवढीच पुरे.

चौथा कागद आता बोर्डावर चिकटवलेला आहे. बोटं झाली आहेत, साडीचा काठ बाकी आहे. मागची भिंत गडद करायला ताई अजून घाबरतात, रोज एकच थर देतात. आम्ही हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवलाय.

या आठवड्याचा घरचा अभ्यास : रात्री लाइट बंद करून लहान मुलांसोबत टॉर्चपुढे बोटं धरून पाहा (पेटता दिवा नको). मग घरातल्या प्रत्येकाने अर्धवट सोडलेलं एक काम सांगायचं आणि ते नेमकं कुठे अडलंय तेवढंच बोट ठेवून दाखवायचं. बाकीच्यांनी "छान आहे" म्हणायचं नाही आणि "सोडून दे" पण म्हणायचं नाही. काय काय निघालं ते रविवारी ग्रुपवर कळवा.