हवा दाबणारे फिरते यंत्र : उपयोग व दक्षता

ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या चाकांत हवा भरणे, हवागाळणी व रेडिएटर यांतील धूळ काढणे इत्यादी कामांसाठी हवा दाबणारे फिरते यंत्र, म्हणजे काँप्रेसर, शेतकऱ्यास फार उपयोगी पडते. परंतु हवा डोळ्यांस दिसत नसल्यामुळे तिच्या बळाविषयी मनुष्य निष्काळजी राहतो आणि त्यातूनच अपघात ओढवतात.

या यंत्रातील दट्ट्या बाहेरची हवा ओढून टाकीत कोंबतो. टाकीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोग्रॅम (दर चौरस इंचाला सुमारे ११४ पौंड) झाला, तर १० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद एवढ्या पत्र्यावर ८०० किलोग्रॅमचा भार पडतो. धडधाकट पत्रा हा भार सोसतो. गंजून पातळ झालेला पत्रा फुटतो व जवळच्या माणसाचा प्राण घेऊ शकतो.

टाकी गंजते ती आतून. हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी साचते. बाहेरचा रंग शाबूत असला तरी आतील पत्रा झिजलेला असू शकतो. म्हणून रोज काम संपताच यंत्र बंद करावे, दाब उतरवावा आणि तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकावे. चीर गेलेली वा गंजलेली टाकी वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये, ती बदलावी.

टाकीवरील सुरक्षा झडप हा शेवटचा राखणदार होय. ती वारंवार उघडत असेल तर दोष बहुधा मोटार आपोआप बंद करणाऱ्या दाब-स्विचात असतो. तो दुरुस्त करण्याऐवजी झडप आवळणे किंवा तिचे तोंड बुजविणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय.

वापरणाऱ्याने पुढील नियम पाळावेत :

१. ट्रॅक्टरच्या मागील चाकांस बहुधा दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. टाकीतील दाब त्याच्या कित्येक पट असतो. म्हणून कारखान्याने दिलेला आकडा पाहून, दाबमापकाने मोजून हवा भरावी. त्या वेळी चाकासमोर न राहता बाजूस उभे राहावे.

२. धूळ काढताना दाब २ किलोग्रॅमपेक्षा अधिक ठेवू नये व डोळ्यांस चष्मा लावावा. कोरड्या हवागाळणीवर हवा आतून बाहेर सोडावी.

३. हवेच्या झोताने अंगावरील कपडे झटकू नयेत. जखमेतून हवा रक्तात शिरल्यास मृत्यू येऊ शकतो. थट्टेनेही नळी कोणाच्या अंगाकडे रोखू नये. शरीरात हवा शिरून आतडे फाटते.

४. पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणारे यंत्र बंद गोठ्यात वा खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो.

५. विजेच्या यंत्रास अर्थिंग असावे. वायर बारीक वा जोड दिलेली नसावी. ओल्या हातांनी यंत्रास स्पर्श करू नये.

६. पट्ट्यावरील जाळी काढू नये. धोतराचा सोगा, उपरणे व पदर सावरून ठेवावेत. मुलांना दूर ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र असलेल्या शेतकऱ्यांस एकत्र बोलावून टाकीतील पाणी काढण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. तांबूस, गंजाळ पाणी बाहेर पडताना एकदा पाहिले, म्हणजे रोज तोटी उघडण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.